सात घोडे आणि आर्वीची छोटी गाडी

अच्युत मास्तरांची मोटार बैल जुंपून घरी आणावी लागली, ती एकदा नव्हे, दोनदा. आणि दोन्ही वेळा नेमका देवळीच्या बाजाराचा दिवस! आता सांगा, शाळामास्तरानं तोंड कुठं लपवावं? सकाळी ज्या पोरांचे कान पिळले तीच पोरं संध्याकाळी मोटारीमागं धावत बैलांना हाकारत होती. दुसऱ्या वेळी मास्तर मोटारीतून उतरले, टोपी सारखी केली आणि तिथंच, ताराचंद शेठच्या दुकानाच्या पायरीशी उभं राहून बोलून बसले, "न्या शेठजी हे धूड. दिलं तुम्हाला. शब्द दिला."

शेठजींच्या हातातला अडकित्ता थांबला. मोटारीचं त्यांना काही पडलं नव्हतं. त्यांचा डोळा होता इंजिनावर. दुकानामागच्या खोलीत पिठाची चक्की टाकायचं त्यांच्या मनात होतं. मोटारीतून इंजिन उपसायचं, चक्कीला पट्टा चढवायचा आणि उरलेलं डबडं भंगारात घालायचं, असा सरळ बेत.

मास्तरांनी घरी येऊन हे बायकोला सांगितलं तेव्हा इंदिरा भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली तरी तिचं लक्ष नाही.

"कोनाले इचारून दिली?"

"अगं, मोटार माझ्या मामांची. त्यांनी जाताना मला दिली. मी कोणाला विचारायचं?"

"मोटार असन तुमच्या मामाची. इंजन माह्यं हाये!"

आणि खरं सांगायचं तर होतंच. मामा वारल्यावर ती मोटार तीन वर्षं गोठ्यात कोंबड्यांचं घर होऊन पडली होती. तिला पुन्हा बोलतं केलं ते इंदिरेनं. ती रोहण्याची. तिचे वडील नानाजी कापसाच्या जिनावर, सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिन चालवायचे, आणि पोर रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची ती संध्याकाळपर्यंत परत यायची नाही. कोणत्या आवाजाला तेल कमी, कोणत्या आवाजाला पट्टा सैल, हे तिला बाराखडीच्या आधी कळू लागलं. लग्न होऊन देवळीला आली आणि मास्तरीणबाई झाली. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, वाण यायचं, मान मिळायचा. पण तिला जे येतं ते या गावात कुणालाच नको होतं. मग तिनं गोठ्यातल्या मोटारीवरचं फडकं उचललं, आणि त्याखाली तिला तिचं माणूस सापडलं म्हणा ना!

आता हे इंजिन म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर लोक तिला वेडी समजतील. वीस वर्षांपूर्वी विलायतेत घडवलेलं. चार सिलिंडर, एकेक फुलपात्राएवढं. ताकद सात घोड्यांची, आणि तेही घोडे गरीब घरचे. पण करणाऱ्याची अक्कल पाहा! पाणी खेळवायला पंप नाही. तापलेलं पाणी आपसूक वर चढतं, समोरच्या जाळीत निवतं आणि खाली उतरतं. पेट्रोलला पंप नाही. टाकी उंचावर, बॉनेटखालीच, पेट्रोल आपल्या वजनानं नळीतून उतरतं. ठिणगीसाठी आपली वीज आपणच करणारा मॅग्नेटो, म्हणजे बॅटरी मेली तरी हँडल मारा आणि निघा. सिलिंडरात दाब कमी, त्यामुळं देवळीच्या दुकानात डब्यातून मिळणारं कसलंही पेट्रोल मुकाट पचवायचं. इंदिरा म्हणायची, "जे नाईच, ते बिघडन कसं?"

मग एवढं गुणी इंजिन भर बाजारात का बसावं? तेच तर कोडं होतं. चांगलं चालता चालता आचके द्यायचं आणि गप्प. आणि बैलांनी ओढून दारात आणलं, जू काढलं, की हँडलच्या पहिल्या फेऱ्याला सुरू! मास्तर म्हणायचे, लहरी आहे. लोक म्हणायचे, बैल पाहून लाजते. इंदिरा नुसती दात खायची.

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून शेठजींच्या दुकानात गेली. "शेठजी, मास्तरचा शब्द सोडा."

"मास्तरीणबाई, शब्द का तुरीची पायली हाये, सांडली आन् भरून घेतली?" शेठजी म्हणाले. तीन पिढ्या देवळीत काढलेला माणूस, बोली पक्की इथली. "सोमवारी मिस्त्री येऊन राह्यला वर्ध्याहून."

"इंजन चांगलं हाये. त्याले चक्कीले कायले बांधता?"

"चांगलं हाये म्हनता? मंग तर मलेच पाह्यजे. आन् वाईट असन तर तुमाले काऊन पाह्यजे?"

अरे देवा! दोन्हीकडून कोंडी. पण शेठजींची एक नस गावाला ठाऊक होती. बैलजोड्यांचा शंकरपट लागला की हा माणूस दुकान नोकरावर टाकून पहिल्या रांगेत जाऊन बसायचा. शर्यत म्हटली की त्यांच्या अंगात यायचं.

"शर्यत लावा," इंदिरा म्हणाली.

शेठजी पुढं सरकले. "कोनाशी?"

"तुमीच सांगा."

शेठजींनी क्षणभर विचार केला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की गिऱ्हाईकंही बघायला लागली. "आर्वीच्या छोट्या गाडीशी! येत्या रविवारी. पुलगावाहून रोहण्यापर्यंत. मी गाडीत बसतो, तुमी मोटारीत. गाडी हालली की तुमी हाला. रोहण्याच्या ठेसनावर तुमी पह्यले, तर मास्तरचा शब्द म्या सोडला. गाडी पह्यली, तर सोमवारी इंजन चक्कीवर. कबूल?"

पुलगावाहून आर्वीला जाणारी ती छोटी आगगाडी. अरुंद रूळ, इवलासा धूर आणि जागोजागी थांबायची हौस. पण थांबली तरी निघायची, हा तिचा गुण. आणि मोटारीचा तोच गुण सिद्ध व्हायचा होता. इंदिरा म्हणाली, "कबूल!"

रविवारी सकाळी तिनं अंघोळ केली, देवाला हात जोडले आणि पेट्रोल गाळायला बसली. डब्यातल्या पेट्रोलात गंज असतो, तो गाळायलाच हवा. वर्ध्याचा बंडूजी मिस्त्री सांगून गेला होता की मऊ कातड्यातून गाळा. पण मास्तरांच्या घरात कातडं? जिथं पाणी गाळून, दूध गाळून, तेलसुद्धा वस्त्रगाळ करून घ्यायची रीत, तिथं चामड्याचा तुकडा कोण घरात येऊ देईल? शिवाय इंदिरेला कातड्याची गरजच काय होती? सेवाग्रामला शिबिरात शिकल्यापासून ती रोज सूत कातायची. तिच्याच सुताची खादी विणून आली होती, नवी कोरी, अजून पाणीही न लागलेली. दर वेळेसारखी तिच्यातल्या एका कोऱ्या तुकड्याची चौपदरी घडी तिनं डब्याच्या तोंडावर बांधली आणि धार धरली. गंजाचा कण खाली जाईल तर शपथ! अभिमानानं तिनं ते फडकं मास्तरांना दाखवलं.

देवळी ते पुलगाव मोटार अशी पळाली की मागच्या बाकावर शेठजींना डुलकी लागली. स्टेशनाबाहेर ते उतरले, धोतर झटकलं, तिकीट काढलं आणि खिडकीतून मान बाहेर काढून बसले. मास्तर इंदिरेच्या शेजारी, दोन्ही हातांनी दार घट्ट धरून. कुणीतरी बातमी फोडली होतीच; स्टेशनाच्या कुंपणाला माणसं लटकली होती. "बाई चालवते व्हय?" "हो ना बाप्पा, मास्तर तं नुसता बसून हाये!"

शिट्टी झाली. छोटी गाडी हालली. इंदिरेनं गिअर टाकला.

पहिले तीन मैल काय सांगू! रस्ता रुळाला लागून, मध्ये फक्त बाभळी. एकदा गाडी पुढं, एकदा मोटार. डब्यातून लोक ओरडत होते, शेठजी तर अर्धे खिडकीबाहेर, गाडीला असे हाकत होते जणू ती त्यांच्याच गोठ्यातली. सोरट्याला गाडी थांबली आणि इंदिरेनं तिला मागं टाकलं. पंचवीस मैलांचा वेग! इंजिन एकसुरात गात होतं, चारही सिलिंडर हातात हात घालून. मास्तरांनी दार सोडलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. मग चक्क हसले. "इंदिरे, जिंकतो गं आपण!"

आणि विरूळ यायच्या अलीकडं इंजिनानं आचका दिला.

एक. दोन. मग घशात घास अडकल्यासारखा आवाज. मोटार रस्त्याच्या कडेला तुरीच्या शेताजवळ घरंगळत जाऊन थांबली.

लांबून छोटी गाडी येताना ऐकू येत होती. शेतातून एक माणूस पळत आला. "बैल आनू का, बाई? दोन मिंटात जुंपतो!"

"बैलाचं नाव काढाल तर याद राखा!" इंदिरा ओरडली. तो बिचारा दोन पावलं मागं सरला.

मास्तर टोपी डोक्यावर चढवून तिला हँडल द्यायला उतरू लागले. "जरा थांबून मार. दर वेळी होतंच की सुरू."

"नाई. आज थांबून सुरू नाई करायचं. आज पाह्यचं." दर वेळी ती हाच घोटाळा करत आली होती, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. आजवर इंजिन बसायचं बाजारात, माणसांच्या गराड्यात. तिथं येऊन बॉनेटला हात लावायला मास्तरांनी तिला मनाई केली होती, लोक काय म्हणतील म्हणून. आणि घरी आल्यावर ते चालूच व्हायचं, मग बघायचं काय? बिघाड जिथं झाला तिथंच, गरम असताना, तिनं आज पहिल्यांदा बॉनेट उघडलं.

पेट्रोलची नळी बंद केली. प्लगची तार काढून, हँडलला एक फेरा देऊन ठिणगी बघितली, निळी, टणटणीत. म्हणजे ठिणगी नव्हे. उरलं पेट्रोल. कार्ब्युरेटरच्या खाली एक वाटी असते, तीत पेट्रोल साठतं आणि तिथून सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून वर ओढलं जातं. तिनं पान्यानं वाटी सोडवली. छोटी गाडी धाडधाड करत शेजारून गेली. शेठजींचा आवाज आला, "बसली का? बसलीच ना?" आणि गाडी वळणाआड गेली.

इंदिरेनं वाटी उन्हात धरली. तळाशी गंज नव्हता, कचरा नव्हता. पेट्रोलात तरंगत होता एक मऊ, पांढरा, नखाएवढा पुंजका. तिनं बोटावर घेतला, चोळला, आणि ओरडली.

"अहो, सूत! माह्यं सूत हाये हे!"

"कसलं सूत?"

"खादीचं! गाळलं ना मी पेट्रोल! नव्या खादीचे तंतू सुटले, वाटीत जमले. इंजन ओढते तवा भोकाले जाऊन चिकटतात, पेट्रोल बंद. इंजन थांबलं की ओढ सुटते, पुंजका खाली बसते, आन् मंग चालू! म्हनून बैल सोडले की चालू व्हायचं!" ती उभ्या जागी नाचायचीच बाकी होती. "अहो, मीच! दोन्ही वेळा तुमाले बैलानं ओढून आनलं, ते मीच! इंजनाचा काही गुन्हा नाई!"

दुसरी एखादी बाई रडली असती. ही आनंदानं वेडी झाली. तिनं ते बारकं भोक ओठांना लावलं आणि गाल फुगवून जोरात फुंकर मारली. तोंडात पेट्रोलाचा कडू घोट आला, थुंकली, पुन्हा मारली. वाटी धुतली. नळी मोकळी करून थोडं पेट्रोल वाहू दिलं, त्यातही चार तंतू निघाले. पाना फिरला. "मारा हँडल!"

मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा हँडल मारलं. मनगटाला हिसका बसला, टोपी धुळीत पडली, आणि इंजिन पेटलं. तो शेतातला माणूस टाळ्या वाजवायला लागला.

"बसा, बसा!" इंदिरा किंचाळली. मास्तर चालत्या मोटारीत चढले, टोपीशिवाय.

मग जे काही झालं ते विरूळ ते रोहणा रस्त्यानं कधी पाहिलं नसेल. बैलगाड्या बाजूला झाल्या, बकऱ्या उडाल्या, मास्तर बाहेर अर्धे लोंबकळत "बाजू! बाजू!" ओरडत होते. गाडी विरूळला पाणी घेत थांबली होती म्हणून बरं; तरी ती पुन्हा मैलभर पुढं निघालेली. तीस मैल. बत्तीस. सात घोडे जीव तोडून पळत होते आणि एकाचंही पाऊल चुकत नव्हतं. समोरच्या जाळीतून वाफ नाही, तेलाचा काटा ढळत नाही. धूर दिसला. शेवटचा डबा दिसला. शेठजींची पगडी दिसली! मोटार डब्याला भिडली, दुसऱ्या डब्याला भिडली, इंजिनाच्या बरोबरीला आली. कोळसा टाकणारा फावडं उंचावून हसला. आणि मोटार पुढं!

रोहण्याच्या स्टेशनाआधी रस्ता रूळ ओलांडतो. तिथं फाटक. आणि फाटकवाल्यानं, आपलं काम चोख करत, ते त्याच वेळी लावलं.

"खोला! खोला हो!" मास्तर ओरडले. "आम्ही पुढं आहोत!"

"गाडी येऊन राह्यली, मास्तर. दिसत नाई का?" फाटकवाला शांतपणे म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. इंदिरेनं ब्रेक दाबला. समोरून छोटी गाडी डुलत डुलत गेली, एक डबा, दोन डबे, तीन डबे, आणि शेवटच्या खिडकीतून शेठजींचा रुमाल.

ती दोघं स्टेशनावर पोचली तेव्हा शेठजी फलाटावर उभे होते. शर्यत हरली ती हरली. इंदिरेनं मोटार बंद केली नाही. इंजिन तसंच हलकेच चालू होतं, जणू काही झालंच नाही.

शेठजी मोटारीजवळ आले. चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद होता, पण कपाळाला एक आठीही होती. "बाई, रस्त्यात काऊन थांबलते? खरं सांगा. चक्कीवर बाया टोपल्या घेऊन रांगेत बसनार, आन् इंजन असं मधातच बसलं, तर त्याइच्या शिव्या मले खा लागन. दगा देनारं इंजन मले नको. शर्यत जिंकलो तरी नको. तुमीच ठेवा."

झालं! एक शब्द बोलायचा होता. 'हो, दगा देतं' एवढंच. मास्तरांनी इंदिरेकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत विनवणी इतकी उघड होती की आंधळ्यालाही वाचता आली असती. खोटं तरी किती छोटं! दोनदा बैलांनी ओढलेलं सगळ्या गावानं पाहिलेलंच होतं.

इंदिरेनं तोंड उघडलं. बॉनेटखालून तो एकसुरी आवाज येत होता. तुडवलं, तापवलं, घशात सूत कोंबलं, तरी फुंकर मारताच उठून रोहण्यापर्यंत धावलेलं ते इमानी जनावर. त्याच्या देखत त्याला दगाबाज म्हणायचं? तिला जमेना. जीव गेला तरी जमेना.

तिनं पदराच्या टोकाला बांधलेला पांढरा पुंजका सोडून शेठजींच्या हातावर ठेवला. "इंजनात काही खोट नाई, शेठजी. खोट माह्या गाळन्यात होती. कातड्यातून पेट्रोल गाळा, दहा वर्सं चक्की थांबनार नाई. याच्यासारखं इंजन तुमाले मिळनार नाई." शेवटच्या शब्दाबरोबर ती तोंड फिरवून उभी राहिली.

शेठजींनी पुंजका उलटसुलट केला. कपाळाची आठी मिटली. "मंग तं कामच झालं. मास्तर, सोमवारी मिस्त्री येते तुमच्याकडं."

"येऊ देऊ नका," मास्तर म्हणाले.

शेठजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मिस्त्रीले पाठवू नका. इंजन देत नाई मी." मास्तर वर्गातली भाषा विसरले होते. हात काळे, मनगट सुजलेलं, डोकं बोडकं. "म्या शब्द देलता. मोडला म्या. आत्ता, इथं, तुमच्या तोंडावर मोडला. जा, देवळीच्या बाजारात सांगा, अच्युत मास्तरनं शब्द मोडला म्हनून. पोरं हासतीन तर हासू द्या."

फलाटावरची चार माणसं बघायला लागली. इंदिरा गर्रकन वळली. जो माणूस दोन आण्यांची उधारी फेडायला भर उन्हात दोन मैल चालत जायचा, तो हे बोलत होता!

"मास्तर," शेठजींचा आवाज चढला, "शर्यतही हारले, आन् शब्दही मोडता?"

"हो. ती इंजनासाठी खोटं बोलली असती, तर आमचं भागत होतं. नाई बोलली. आता तिच्यासाठी मी खोटा ठरतो. माह्याजवळ देन्यासारखं दुसरं काही नाई."

शेठजींनी मास्तरांकडं पाहिलं, मग इंदिरेकडं, मग बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. खालची थरथर त्यांच्या कोपरापर्यंत चढत असावी.

"मले इंजन तं लागनच," ते अखेर पुटपुटले. "नागपुरात एक पाहून ठेवलं हाये. चांगलं का वाईट, मले काय समजते? मास्तरीणबाई, पुढच्या आयतवारी चलजा तुमी. कान लावून सांगजा मले, घेऊ का नको."

जन्माला आल्यापासून, बाप सोडला तर, इंदिरेच्या कानाला कुणी काही विचारलं नव्हतं. ती हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात वर नेला तर सगळा चेहरा तेलानं काळा झाला.

"येते ती," मास्तरच म्हणाले, आणि तिच्यासाठी मोटारीचं दार उघडून उभे राहिले.